प्रमाणित प्रत

खंडपीठाच्या भाषांतर विभागात, जिन्याखालच्या खोलीत
पोशट्टी तोटेवाडला मी आधी वाचलं,
पाहिलं नंतर.

हिमायतनगर रोड, पहाटेचे चार, छोटा टेम्पो.
वर वसमतच्या हळदीची कट्टी,
खाली तीन पोती. एकवीस किलो तीनशे.
काटा किराणा दुकानातला, दुकानदारच पंच.
उलटतपासात तो म्हणाला,
"वास आला साहेब, पण हळदीचा का कशाचा
ते तवा कुणी विचारलं नाही."

आरोपीचा जबाब दीड ओळीचा:
"गाडीवर किलिंडर हाव. मी केलो नाही."

केलो.
किनवटकडं क्रियापद माणसाला चिकटतं,
पुस्तकातल्या मराठीत कृत्याला,
इंग्रजीत ते दोघांपासून सुटंच.
त्या शब्दावर माझी एक अख्खी दुपार गेली
आणि शेवटी सगळे लिहितात तेच लिहिलं.

खाली दहा वर्षं, लाखाचा दंड.
वर, नवव्या वर्षी, अकराव्या पानावर
न्यायमूर्तींनी काड्या वेगळ्या केल्या, बिया वेगळ्या, पाला वेगळा.
उरल्या शेंड्यांचं वजन कुणी केलंच नव्हतं.
लाखेच्या सीलचा नमुनाही मुद्देमालात सापडेना.
संशयाचा फायदा. अपील मंजूर.

हर्सूलहून सुटल्यावर चौथ्या दिवशी खिडकीशी आला.
माझ्या कल्पनेपेक्षा बुटका.
"शेवटचंच पान द्या."
तसं देत नाहीत. चौदाच्या चौदा घ्यावी लागतात.
त्यानं कारागृहाच्या मजुरीतून पैसे मोजले,
कागदावर बोट ठेवलं:
"मी केलो नाही, ते कुठं लिवलंय?"

माहीत होतं, तरी शोधलं.
सिद्ध झालं नाही, हे तीन ठिकाणी होतं.
दंड भरला असल्यास परत, हे होतं.
जप्त मालाची विल्हेवाट नियमानुसार, हेसुद्धा.
त्याचं वाक्य नव्हतं.
तसं लिहायची पद्धत नाही, म्हणालो.

पोत्यांत काय होतं ते तुला ठाऊक होतं का,
हे मी विचारलं नाही.
तोही काही बोलला नाही.
मागं रांग होती.

मूळ जबाब मराठीत आहे, म्हटलं,
पण त्याची प्रत हवी तर अर्ज वेगळा.
"लिवा."
लिहिला. 'कारण' या रकान्यापाशी थांबलो.
"घरी दाखवायला," म्हणाला,
आणि खाली सही केली, सावकाश,
ट खाली दुसरा ट
नीट बसेपर्यंत.