सत्तावीस

घोडपदेवच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे,
सदू कांदळगावकर, म्हणजे मी,
दहा नंबरचा पाना दातात धरून
डिशची मान वळवतोय.
तोंड दक्षिणेला, मग किंचित डावीकडे,
माझगाव गोदीच्या दुसऱ्या क्रेनच्या वर, खूप वर,
जिथं काहीच दिसत नाही.
तिथंच तो आहे.
एकोणीस वर्षं नेम धरतोय,
एकदाही जागचा हलला नाही.

"हलतो, काका."
शर्वाणी. भावाची मुलगी. अकरावी सायन्स.
टॉर्च धरायला आलेली.
"सेकंदाला तीन किलोमीटर पळतो.
पृथ्वीची एक गिरकी, त्याची एक फेरी,
म्हणून तुला वाटतं, बसलाय."

मी पाना काढला तोंडातून.
"मग जरा खाली का नाही बांधत त्याला?
छत्तीस हजार किलोमीटर!
एवढ्या लांबून आणायची मालिका?"

"खाली आणलास तर थांबणार नाही तो.
ते बघ."
भायखळ्याच्या अंगानं एक ठिपका निघाला,
न लुकलुकता, न आवाज करता,
डोक्यावरून गेला, शिवडीकडे विझला.
"अवकाश स्थानक. चारशे किलोमीटर फक्त.
आपली जेवणं होऊन भांडी घासेपर्यंत
त्याची पृथ्वी फिरून होते."

मग तिनं टाकीच्या शेवाळावर नखानं वर्तुळं काढली.
मोजायचं पृथ्वीच्या पोटातून, गच्चीपासून नाही.
अंतर चौपट, तर फेरीला वेळ आठपट.
"चौपट का नाही?"
"वाट चौपट होते, काका,
आणि चालही निम्मी होते."

"आणि वजन? हा नट सोडला तिथं तर?"
"तेवढाच वेळ. तिथं वजन कुणी विचारत नाही."
नट तळहातावर घेऊन बघितला मी जरा वेळ.
साडेतीन रुपयांचा.

बंदराच्या दिव्यांवर चंद्र आला होता, तांबूस, उशिराचा.
"तुझ्या डिशवाल्याच्या साधारण नऊपट लांब आहे तो.
नऊ नवे एक्क्याऐंशी,
एक्क्याऐंशी नवे सातशे एकोणतीस,
आता याचं वर्गमूळ…"
"सत्तावीस," मी म्हणालो.
ती बघतच राहिली.
मला कुठलं वर्गमूळ!
अश्विनी, भरणी, कृत्तिका,
कॅलेंडरच्या चौकोनात रोज एक,
रेवतीला संपतात, आणि चंद्र परत पहिलीच्या घरी.
एवढं तर न्हाव्यालाही ठाऊक असतं.

ती हसली. मग हसली नाही.
तिचा बाप टँकरवर असतो.
आधी फोन रोज यायचा, मग रविवारी,
आता बंदर लागलं तर.
वाट लांब, तेवढंच नाही, चालही निम्मी होते.
ओठांवर आलं होतं. गिळलं.
सूत्र गोल कक्षेचं आहे,
माझा भाऊ काही गोल नाही.

तिनं टॉर्च विझवला, विनाकारण, परत लावला.
मी नट बसवला, अर्धा आटा पिळला,
डिश केसभर वर केली.

"तू ओरड," मी म्हणालो.
कठड्यावरून वाकून, दोन्ही हात तोंडाशी धरून,
चौथ्या मजल्यावरच्या पाटकरबाईंना:
"आलं का?"

बहात्तर हजार किलोमीटर जाऊन यायला
सिग्नलला पाव सेकंद लागतो.
पाटकरबाईंचं उत्तर
चार मजले चढून अजून यायचंय.