आयत्या वेळचे विषय

नोव्हेंबरचा दुसरा मंगळवार, संध्याकाळचे सात.
ऑल्डरविकच्या सभागृहातला हीटर नाणं गिळतो,
वीस मिनिटं ऊब देतो, मग तोंड फिरवतो.
हजर: सभासद सात, ग्रामस्थ तीन
आणि एका ग्रामस्थाचा कुत्रा, ज्याची नोंद मी करत नाही.
मी पॅरिश काउन्सिलची कारकून.
मला मत नाही. पेन आहे.

मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम.
मागच्या वेळी डेन्झिल मार्लोंनी टेबलावर मूठ आपटली होती,
चहा सांडला होता.
मी लिहिलं: चर्चा झाली.
कुणी हरकत घेतली नाही. डेन्झिलनीही नाही.

विषय एक. चर्चमागच्या गल्लीतला खड्डा.
काउंटीला पाच पत्रं गेली.
काउंटीचा माणूस आला, खड्ड्याभोवती
पिवळा चौकोन रंगवून गेला.
आता पाणी साचलं की चर्चचा मनोरा
उलटा होऊन बरोबर चौकटीत बसतो.
सहावं पत्र पाठवावे, असे ठरले.

विषय दोन. दफनभूमीतलं गवत.
कापायचं, की मधमाश्यांसाठी राखायचं?
ऑड्री विंटरबर्न म्हणाल्या,
आमचे हे तिथे आहेत,
आणि गवताने त्यांना फार शिंका यायच्या.
कुणी हसेना.
मग ऑड्रीच आधी हसल्या.
ठराव: उत्तरेकडचं वाढू द्यावे,
श्री. विंटरबर्न यांच्याभोवती सहा फूट कापावे.
सर्वानुमते.

विषय तीन. बसथांबा.
दोन वर्षं झाली, बस येत नाही.
छप्पर गळतं. दुरुस्ती चारशे साठ पौंड,
पाडायला दोनशे दहा.
आमचं जुनं भिजत घोंगडं,
आणि या महिन्यात तर खरंच भिजतंय.

तेव्हा मागच्या खुर्चीवरून लेन पिकरिल उठले,
टोपी हातात घेऊन.
मी बसतो तिथे, म्हणाले.
बस येत नाही हे मला माहीत आहे, मी काही खुळा नाही.
मग का बसता, अध्यक्षबाईंनी विचारलं,
आणि विचारल्याचं त्यांना लगेच वाईट वाटलं,
ते मी पाहिलं.
लेन बराच वेळ थांबले. हीटर खट् करून बंद पडला.
घरी बसलो की मी नुसता घरी बसलेला असतो.
तिथे बसलो की कुठेतरी निघालेला असतो.

ग्रामस्थांना बोलायला तीन मिनिटं मिळतात.
लेननी एक मिनिटही घेतलं नाही.
उरलेली दोन
अध्यक्षबाईंनी घड्याळ लावून जाऊ दिली.

मतदान. पाडण्याच्या बाजूने तीन, विरुद्ध तीन.
डेन्झिलचा हात सगळ्यात आधी वर गेला, पाडा म्हणून.
अध्यक्षबाईंनी निर्णायक मत दिलं नाही,
चष्मा पुसला.
विषय पुढील सभेपुढे ठेवावा.
मी लिहिलं: श्री. पिकरिल यांनी
थांब्याच्या वापराबाबत माहिती दिली.
सभेने नोंद घेतली.

आयत्या वेळचे विषय: नाहीत.
कप विसळले, खुर्च्या रचल्या,
किल्ली डाव्या बाजूला दोनदा फिरवावी लागते, ती फिरवली
आणि पावसात निघाले.

थांब्यावर उजेड हलत होता.
शिडीवर डेन्झिल, दातांत टॉर्च,
गोठ्यावरची जुनी ताडपत्री छपरावर ओढताहेत,
वारा ती परत ओढतोय.
मला बघून थबकले. टॉर्चमुळे धड बोलता येईना.
हे लिहायचं नाही, असं काहीतरी म्हणाले.

मी इतिवृत्ताची पिशवी बाकावर ठेवली,
लेन बसतात त्या कोपऱ्यात. तेवढाच कोरडा होता.
शिडी धरायला मत लागत नाही.

सभा आठ वाजून पन्नास मिनिटांनी संपली,
असं वहीत आहे.
प्रत्यक्षात साडेदहा झाले.