शुद्धिपत्र

त्यांचं नाव आवुडैयप्पन.
मी म्हणायचो, आवडेअप्पा.
दोन वर्षांनी त्यांनी ते चालवून घेतलं,
म्हणाले, तुझ्या भाषेत तरी मी कुणाला आवडतो.

मुहर्रकच्या सुक्या गोदीत ते भांडारपाल,
मी वरच्या मजल्यावर नकाशे काढणारा.
झडपा, गास्केटं, तांब्याचे पाइप,
सगळ्यांची नोंद त्यांच्या तिरप्या अक्षरात;
आणि पावत्यांच्या पाठीवर
शिवाची.

तिरुनेलवेलीकडे वडील देवळात पदं गात,
गाभाऱ्याच्या उंबऱ्याबाहेर उभे राहून.
आत संस्कृत, बाहेर तमिळ.
हे मठाच्या पाठशाळेत शिकवू लागले, आणि भर सभेत बोलले:
ज्या भाषेत आपण त्याच्यासाठी रडलो
तिला आत घ्या.
महिन्याभरात नोकरी गेली.
तीन मुली होत्या. व्हिसा आला.
(हे भाच्यानं सांगितलं, भात वाढता वाढता.)

शुक्रवारी, एसीच्या घरघरीत,
दोन वेल्डर, एक नर्स, सात-आठ इतर
यांना ते सिद्धान्त शिकवत.
कुणी म्हटलं, सगळे देव एकच ना अप्पा,
की चष्मा काढून ठेवत.
भांडण लांबणार, याची ती खूण.
मी मागे बसायचो, कॉफीसाठी.

एकदा म्हणाले: पती, पशू, पाश.
मी म्हटलं, कळलं. मालक, जनावर, दावं.
आमच्या वैरागच्या बाजारात हेच विकतात.
आणि इथे कफील, आपण,
आणि कंपनीच्या तिजोरीतला पासपोर्ट.
सगळे हसले. ते नाही.
कफील सोडण्यासाठी बांधत नाही, म्हणाले.
माझा तेवढ्यासाठीच बांधतो.

मग भांडारातून एक कळकलेला पाइप आणला.
हे हिरवं बाहेरून आलं नाही,
तांब्याबरोबरच जन्मलं. घासून जात नाही.
मग कशानं जातं?
परीस लागतो, म्हणाले, आणि पाइप
परत नेऊन ठेवला, नोंद करून.

कुणीतरी सांगितलं, इथले जुने पाणबुडे
कातडी पिशव्या घेऊन तळाशी जात
गोडं पाणी भरायला. खाऱ्याखाली झरे होते.
अप्पा पूर्ण शुक्रवार त्यावर बोलले:
लपवणं हीही त्याची कृपाच.
आता आटलेत, नर्स म्हणाली.
त्यांनी चष्मा काढला.

काचबिंदूनं डोळे विझत आले तेव्हा
भाष्य चारशे पानं होतं, पेन्सिलीत.
छापखाना म्हणे, नीट उतरवून द्या.
मी म्हटलं, मी काढतो.
मला तमिळचं एक अक्षर येत नव्हतं.
म्हणूनच, ते म्हणाले. तू सुधारणार नाहीस.

दोन उन्हाळे मी ट्रेसिंग पेपरवर
त्यांचा शिव गिरवला,
जसा झडपेचा छेद, जशी वेल्डिंगची खूण.
ते भिंगातून तपासत, नाक कागदाला टेकवून.
इथे ठिपका राहिला.
आमच्यात व्यंजन म्हणजे देह, स्वर म्हणजे जीव.
डोक्यावर ठिपका असला, तर नुसता देह.
विसरलास, की त्यात जीव शिरतो.
मग?
मग काय, पुन्हा जन्म. पुन्हा सगळं.

जूनमध्ये गेले. विमानतळावर
पेटीच्या वजनाखाली सही मी केली.

पुस्तक दीड वर्षानं आलं, कुंभकोणमहून.
शेवटच्या पानावर बारीक टाइपात एक यादी.
सुपरमार्केटच्या गल्ल्यावरच्या सेल्वमलरनं
रांग थांबवून वाचली:
ठिपका हवा. ठिपका हवा. ठिपका हवा.
एकोणतीस चुका, सगळ्या माझ्या.
खाली आणखी एक ओळ:
पान तीनशे बारा. इथेही ठिपका राहिला आहे.
लेखकाच्या सांगण्यावरून तसाच ठेवला.

कुठला शब्द, मी विचारलं.
तिनं पान काढलं, ओठ हलवले.
मागचा माणूस खाकरला.
अर्थ होत नाही, म्हणाली,
पण वाचता येतं.