खिसा

बाराशे रुपये.
त्यात कापड, अस्तर, शिलाई, चेन
आणि येण्याजाण्याचं भाडं.
डायरीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला
आणि लगेच खोडला,
सँडल धरायचीच राहिली होती.

पुण्याला ऋजुताचा साखरपुडा.
मावशीच्या सासरच्या बायका नजरेनं कापड मोजतात,
खांद्यापासून निघून घोळापाशी थांबतात,
मग हळूच विचारतात,
"इंदूरला उन्हाळा फार का गं?"

सीतलामाता बाजारात आधी काचेची दुकानं केली.
घ्यायला नाही, चोरायला.
एकीचा गळा, दुसरीची बाही,
तिसरीचं ते कमरेवरून तिरकं ओघळणं.
फोटोला मनाई होती, डोळ्यांनीच काढले.
पुतळ्या बिचाऱ्या,
डोकीच नाहीत त्यांना, कुणाला सांगणार?

चौथ्या दुकानात पोऱ्यानं विचारलं, "रेंज क्या है, दीदी?"
हा प्रश्न मला कधीच आवडला नाही.
जणू बाई कुठवर पोचते ते विचारतोय.
म्हटलं, पहिले दिखाओ तो.
त्यानं पाच हजारांचं निळं उलगडलं.
मी दोन बोटांत धरून पाहिलं,
नाक मुरडलं, "कलर थोडा लाऊड है, भिया,"
आणि पायऱ्या सावकाश उतरले,
पाच हजारवाली उतरेल तशी.

खेमचंदानीचा कटपीसचा ढीग गल्लीच्या टोकाला.
दुकान कसलं, एक तख्त, वर ताडपत्री.
तिथे गुडघे टेकावे लागतात.
बाया खांद्याला खांदा लावून उपसतात,
कुणाची बांगडी कुणाच्या केसांत.
एकाच तुकड्याची दोन टोकं दोघींच्या हाती आली
तर ओढायचं नसतं, हसायचं असतं.
हसता हसता जी आधी सोडते, तिचं गेलं.
मी खूप हसले.

करड्यात शेवाळ मिसळावं तसा रंग,
हातात धरलं तर धरवत नव्हतं.
साडेतीन मीटर, चारशे ऐंशी.
एवढं स्वस्त? उजेडाला धरलं
तर पलीकडचा पाणीपुरीवाला दिसला,
रुपयाएवढ्या भोकातून.
"इसी ने तो सस्ता किया, बेटा," म्हातारा म्हणाला.
आणखी साठ त्या भोकानंच कमी केले.

छावणीत शफी मास्टरांनी ते टेबलावर पसरलं,
इकडून फिरवलं, तिकडून फिरवलं.
मी गळा सांगितला, बाही सांगितली,
तिरकं हातानं हवेत काढून दाखवलं.
मास्टर भोकाकडेच बघत होते.
कुठूनही बेतलं तरी ते येतच होतं,
घरच्या कार्यात न बोलावलेला काका यावा तसं.
शेवटी कानावरचा खडू काढला,
उजव्या कमरेवर एक चौकोन आखला.
"जेब डाल देता हूं. मोबाइल रख लेना."
आणि घोळ?
घोळ दोन इंच लांब ठेवा, म्हटलं.
त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं
आणि का ते विचारलं नाही.

राहिले साठ रुपये.
साठात सँडल येत नाही, पॉलिश येतं.

कार्यालयात मुलाकडची एक जण थेट जवळ आली,
खिशाच्या काठावरून बोट फिरवत म्हणाली,
"अगं, काय कट आहे! डिझायनर कोण?"
मी म्हटलं, "शफी."
"हां, शफी..." तिनं मान डोलावली, "ऐकलंय नाव."
मावशी तेवढ्यात पाणी प्यायला वळली.
तिचे खांदे हलत होते.

जेवणाच्या रांगेत सहज हात खिशात गेला.
आत ते तसंच होतं,
मास्टरांनी बुजवलं नव्हतं, नुसतं झाकलं होतं.
बोट त्यातून आत घातलं.
अस्तर लागलं, गार,
आणि अस्तरापलीकडे माझीच कूस,
श्वासाबरोबर वर, खाली.

पुढे दोन पायऱ्या होत्या.
सगळ्या जणी घोळ उचलून चढल्या.
मी नाही उचलला.