इतर

नगरपरिषदेच्या तक्त्यात रकाने सहा.
मोटारसायकल, रिक्षा, कार, एसटी, ट्रक,
आणि कडेला, बोटभर रुंदीचा: इतर.

भाट्याच्या पुलाच्या तोंडाशी, सकाळी सात ते अकरा,
प्लास्टिकच्या खुर्चीत बसून मी रेघा ओढते.
चार उभ्या, पाचवी तिरकी, झाली जुडी.
चार दिवसांचं काम, रोजंदारी.
पूल रुंद करायचा की नाही ते माझ्या जुड्यांवर ठरणार,
आणि ठरलंच, तर किनाऱ्याकडची सुरूची झाडं
आधी जाणार, हे तक्त्यात कुठेच नाही.

साडेसातपर्यंत खाडी ऐकू येते.
ओहोटीला चिखल बुडबुडतो,
बगळा पाय उचलतो, तेही जवळजवळ.
मग हॉर्न. मग फक्त हॉर्न.

कार मोजताना कळलं, मी बहुतेक हवाच मोजतेय:
एक माणूस, चार रिकाम्या जागा, काचा वर.
माझा मामा मिरकरवाड्याला तांडेल. तो म्हणतो,
धक्क्याला एक ट्रॉलर आडवा लागला
की सात होड्यांची मासळी उन्हात बसते.
रस्त्याचं त्याला काही कळत नाही. पण हे कळतं.

इतरमध्ये येतात:
राजिवड्याचा यासीन, मागे पावांची पेटी, पुढे रबरी भोंगा,
ज्याच्या आवाजाने पुलाखालचा कुत्राही उठून बसतो;
फणसोपच्या दोन मुली, एकीचं दप्तर नेहमी दुसरीच्या हँडलला;
सिव्हिलची शिवलकर सिस्टर, रात्रपाळी संपवून घरी निघालेली,
मला रोज विचारते, "खाल्लंस काय गो?"
कारमधल्या एकानेही विचारलं नाही.
कसं विचारणार, काचा वर.

खोटं कशाला बोलू, हे गाव चढणीचं.
इथे सायकल अर्धी चालवतात, अर्धी ढकलतात,
आणि जून ते सप्टेंबर तिला गंज खातो.
तरी सिस्टर म्हणते, ढकलताना दम लागतो
तेवढ्यात कोणाच्या घरात कोण खोकतंय ते समजतं.

तिसऱ्या दिवशी चिऱ्यांचा ट्रक पुलावर मधोमध बसला.
ॲक्सल गेला म्हणाले.
बाजूने एक गाडी जाईल एवढी वाट होती,
ती चार कारनी एकदमच घेतली.
ॲम्ब्युलन्स जागच्या जागी ओरडत राहिली.
इतर तेवढे पार झाले,
एका पायाने कठड्याला रेटा देत.

मग पिलणकर साहेब, ज्यांच्या टेबलावर हा तक्ता जाणार,
कारमधून उतरले. घड्याळ बघितलं. यासीनकडे बघितलं.
पावांची पेटी माझ्या खुर्चीपाशी आली
आणि साहेब कॅरियरवर बसले,
फाईल छातीशी, बूट दोन्ही बाजूंना वर धरलेले,
घोड्यावर पहिल्यांदाच चढलेल्या नवरदेवासारखे अवघडून.
भोंगा वाजला.
रांगेतली माणसं काचा खाली करून हसली.
तेव्हा कुठे मला त्यांचे चेहरे दिसले.

साहेबांना कुठल्या रकान्यात धरू?
पेन्सिल बराच वेळ हवेत.
कारमध्ये मोजून झाले होते, इतरमध्ये पुन्हा मोजले.
चूक असेल. खोडली नाही.
यासीन परत येईपर्यंत पावांचा वास घेत बसले.

चौथ्या दिवशी भावाची सायकल काढून कामावर आले.
मागचा ब्रेक नाही, उतारावर चप्पल घासत.
खुर्ची मांडायच्या आधी एक रेघ ओढली, माझी.

अकराला बेरजेला बसले, तर बोटांना चेनचं काळं,
आणि एकूणच्या चौकटीत,
आकड्याच्याही आधी,
अंगठा उमटलेला.