उसनी

पत्रात शब्द होता 'सेकंडमेंट'.
आईला फोनवर तो मराठीत सांगायला गेले
तर बदली नव्हे, बढती नव्हे,
डेप्युटेशन म्हटलं तर तिला वाटलं गाडी मिळाली.
शेवटी म्हटलं, उसनी दिलीय गं मला,
शेजारच्या खात्याला, नऊ महिन्यांसाठी,
वाटीभर साखरेसारखी.
ती म्हणाली, बरं. वाटी परत मागायला विसरू नका म्हणावं.

हल शहर. वारा असा, की छत्री ही नुसती समजूत.
टेलिफोनची खोकी इथे लाल नाहीत, सायीच्या रंगाची.
आधी मी दुसऱ्या मजल्यावर पार्किंगचे परवाने द्यायचे,
मग चौथ्यावर: ओल आणि बुरशी.
म्हणजे पालिकेच्या घरांच्या भिंती
आणि त्या भिंतींचे फोन.
ब्रॅन्सहोमच्या मिसेस ऑस्लर
नातवाचा खोकला फोनवरच ऐकवायच्या,
पुरावा म्हणून.

सातव्या महिन्यात ठरवलं, जायचं.
का, ते कुणी विचारलं नाही. विचारलं ते एवढंच:
नोटीस चार आठवड्यांची की बारा?
जुन्या करारात चार.
नव्या पत्रात, तिसऱ्या पानावर, बारा,
पण त्या पानावर सही माझी एकटीची.
दुसऱ्या मजल्यावरची मॉरीन म्हणाली, तू आता आमची कुठे?
चौथ्यावरचा डिलन म्हणाला, तू आमची होतीस कधी?
माणसं चांगली. दोघांनीही चहा विचारला.
दोन घरचा पाहुणा... पुढचं मी मनातच म्हटलं
आणि बिस्किट उचललं.

एचआरची कर्स्टी म्हणाली, तपासते.
व्याकरणात नसलेला एक काळ आहे हा,
भूत-भविष्याहून लांब.
युनियनचा ट्रेव्हर, कानावर पेन्सिल,
पत्र खिडकीच्या उजेडाकडे धरून वाचत राहिला,
नोट खरी आहे का बघावं तसं.
"लव्ह," म्हणाला, "आधी उसनेपण संपव, मग नोकरी.
उलटं केलंस तर तुझी खुर्ची हवेत."

खुर्ची बघायला खाली गेले.
तिच्यावर कॅलम, वय बावीस, उंच पोरगा,
गुडघे पार छातीशी घेऊन बसलेला.
खुर्ची अजून माझ्याच उंचीची.
म्हटलं, अरे, खालची कळ दाब की.
म्हणाला, मला वाटलं तुम्ही परत येणार.

याला काय उत्तर द्यायचं, ते कुठल्याच पानावर नव्हतं.

निकाल मंगळवारी आला. चार आठवडे,
मूळ जागी, मूळ पगारावर.
त्यातून न घेतलेल्या अकरा रजा वजा.
उरले नऊ दिवस.

उसनं भांडं रिकामं परत करू नये, हे कळत होतं.
पण वाटी मीच, साखरही मीच,
भरायचं कुणी?
चौथ्या मजल्यावरच्या शेवटच्या दुपारी
एक वही लिहून डिलनच्या टेबलावर ठेवली:
त्रेसष्ट भिंती.
कुणाला सकाळी फोन नको, कुणाला ऐकू कमी येतं,
मिसेस ऑस्लरना तीननंतर करा, नातू शाळेतून आल्यावर,
आणि 'खिडक्या उघड्या ठेवा' असं कुणालाही,
कुणालाही सांगू नका.
डिलननं वही वरखाली करून पाहिली.
म्हणाला, हे सिस्टिममध्ये कुठे टाकायचं?

दुसऱ्या मजल्यावर मला कोपऱ्यातलं टेबल मिळालं,
प्रिंटरच्या पाठीमागे.
सहाव्या दिवशी एका माणसाचा फोन आला,
परवाना हवा, गाडीचा नंबर अमुक, रस्ता तमुक.
मी लिहून घेतलं. आणि कसं कोण जाणे, विचारलं,
घरात ओल आहे का?

तो गप्प.
मग म्हणाला, आहे.
तुम्हाला कसं कळलं?

मी त्याला चौथ्या मजल्याचा नंबर दिला.
पाठ होता.