किंवा

मार्केट यार्डात हळदीचा सौदा
पूर्वी रुमालाखाली व्हायचा.
दोन माणसं हातात हात देऊन उभी, वर कापड,
आत बोटं बोलायची.
बघणाऱ्याला फक्त कापड हललेलं दिसायचं.

नांद्रेकर वकिलांनी पहिल्याच दिवशी सांगितलं,
"आपलं काम रुमाल उचलायचं.
हात सोडवायचं नाही."
मी मान हलवली. समजलं काहीच नव्हतं.

मग वर्षं गेली भागीदारीपत्रांत,
गणपती पेठेतल्या जिन्यावरच्या खोलीत:
बेदाण्याचं शीतगृह, चार चुलतभाऊ, एक कुलूप;
पाटीवरचं वडिलांचं नाव कुणाच्या वाट्याला,
याचे साडेचार तास;
एक व्याही, सही करताना अडून बसलेला,
"एवढं लिहून ठेवायला आम्ही काय परके?"
"परके नाही म्हणूनच," मी म्हटलं
आणि पेन सरकवलं.

लोकांना वाटतं, वकील भांडणावर जगतो.
माझं पोट भरलं न झालेल्या भांडणांवर.
न झालेल्याची फी मागताना
जीभ अजून अडखळते.

पण हे सांगायचं नव्हतं.

हरिपूरच्या पेवाचा करार होता.
जमिनीखाली, अंधारात भरलेली हळद.
पेव एकाचं, माल भूपाल आवटींचा.
सकाळी सही, म्हणून रात्री अकराला
मी कलम नऊ लिहिलं:
विमा पेवमालकाने किंवा मालधन्याने उतरवावा.

दोघांनी वाचलं. दोघांना पटलं.
दोघांनाही वाटलं, दुसरा उतरवेल.

नदीला करार वाचायची गरज नव्हती.
पाणी ओसरल्यावर पेव उघडलं
तेव्हा असा वास आला
की गडी काठावरूनच मागे फिरले.

बार रूममधले म्हणाले, "गप्प बस.
वाचून सही केलीय त्यांनी."
त्यांचं चुकत नव्हतं.
नांद्रेकर तोवर गेलेले. विचारणार कुणाला?
स्कूटर काढली, यार्डात गेले.

आवटी गादीवर बसून
हळकुंड मोडून आतला रंग बघत होते.
म्हटलं, "चूक माझी आहे.
तिथं एकाच माणसाचं नाव हवं होतं.
दुसरा वकील करा.
माझ्यावर दावा लावायचा, तर तोही त्याच्याकडूनच लावा."
कट्कन आवाज झाला. आणखी एक हळकुंड.
"चहा घेणार?"

चहा झाला. त्यांनी दुसरा वकील केला.
दावा लावला नाही,
पण सहा वर्षं रस्त्यात ओळख दिली नाही.
मी जमेल तेवढे पैसे पाठवले, तीन हप्त्यांत.
तिन्ही वेळा पावती आली.
पावतीच्या पाठीमागे
मी दर वेळी बघितलं. काही नव्हतं.

सातव्या वर्षी, दुपारी,
जिन्यावर चपला वाजल्या.
आवटी, आणि मागून लेक राजमती,
हळद पावडरीची नवी कंपनी काढणारी.
दुसऱ्याच कुणी केलेला मसुदा
त्यांनी टेबलावर ठेवला.
"बाकीचं ऱ्हाऊ द्या. यात 'किंवा' किती, तेवढं मोजा."

चौदा होते.
बारा काढले.
"हे दोन का ठेवले?" राजमतीनं विचारलं.
म्हटलं, कधी कधी माणसाला खरोखरच
दोन वाटा लागतात.
तिला पटेना. दिवे लागेपर्यंत वाद घातला तिनं,
आणि एक शेवटी तिनंच खोडला.
बरोबर होती ती.

निघताना आवटींनी विचारलं, "फी?"
मी पाकीट-हिशोब शोधेपर्यंत
त्यांनी खिशातून रुमाल काढला,
उजव्या हातावर पसरला,
आणि हात पुढे केला.
हसले नाहीत.

मी खाली हात घातला.
त्यांच्या बोटांनी एक आकडा सांगितला.
माझ्या बोटांनी थोडा कमी केला.
त्यांनी पुन्हा वाढवला.

रुमाल हलत राहिला.
राजमती बघत होती.

"लिहून द्या," मी म्हटलं.